पत्र्याचा कारखाना

उद्या काय होणार यावर टीव्हीवर बडबडणाऱ्या विद्वानांची एक मोठी सोय असते. अंदाज चुकला तर त्यांच्या दारात येऊन कोणी शिव्या घालत नाही. सातुका काय्यिसायाला ती सोय नव्हती. ती चोवीस जानेवारीच्या जत्रेसाठी पत्र्याच्या चिमुकल्या वस्तू बनवायची. खाली ला पासमध्ये आणि वर एल आल्तोच्या पठारावर येत्या वर्षात ज्याला जे हवं असेल ते तो त्या दिवशी तळहातावर मावेल एवढं विकत घेतो. घर हवं तर घर, गाडी हवी तर गाडी, नवरा हवा असेल तर प्लास्टरचा कोंबडा. बाराच्या ठोक्याला यातिरी, म्हणजे निखाऱ्यावर धूप टाकून मंत्र म्हणणारा बाबा, ती वस्तू धुरावर धरतो. मग ती घरच्या मिशाळ एकेको देवाच्या अंगावर टांगायची आणि खरीची वाट बघायची. वर्षात आली नाही तर गिऱ्हाईक पुढच्या जत्रेत बरोबर त्याच दुकानावर उगवतं.

एकदा एक ट्रकवाला आला होता. काउंटरवर चेपलेला छोटा ट्रक आपटून म्हणाला, "दोन्या सातुका, ह्याला मागचा दिवा कुठाय? माझ्या खऱ्या ट्रकला मागून बस येऊन ठोकली!"

सातुकाने वाद घातला नाही. दिवा लावायचा राहिला होता हे खरंच होतं. लहानात जे राहिलं ते मोठ्यात राहणार, हे तिला बापाने पत्रा कापायची कात्री हातात देतानाच शिकवलं होतं. तिने त्याला नवा ट्रक दिला आणि मागे दोन दिवे लावून दिले.

म्हणून दर डिसेंबरात तिच्या शेडमध्ये यंदा काय बनवायचं यावर जे वाद व्हायचे, ते सरकारी बैठकीत होतात त्यापेक्षा कितीतरी जबाबदारीने व्हायचे. मंत्र्याने चुकीचा कारखाना काढला तर त्याला पुढे राजदूत करून परदेशी पाठवतात. सातुकाला पुढच्या जानेवारीत त्याच पाटावर बसायचं असायचं.

त्या वर्षी देशात डिझेल नव्हतं, डॉलर नव्हते, आणि मार्चमध्ये गव्हर्नरची निवडणूक होती. एका रविवारी सकाळी सातुकाचा धाकटा भाऊ गुमेर मिनीबस पंपाच्या रांगेत सोडून शेडमध्ये आला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"टँकर," बसायच्या आधीच तो म्हणाला. "ताई, डोळे झाकून टँकर बनव. लोक तुटून पडतील."

"गेल्या वर्षी पण तूच टँकर सांगितलेस. बनवले. लोकांनी नेले. आलं का डिझेल?"

"तुझ्या टँकरला झाकण नव्हतं. वाटेत उडून गेलं असेल."

"झाकण होतं हं. मी स्वतः लावलंय एकेक."

"मग मंत्र्याने उघडून प्यायलं असेल."

कोपऱ्यात सातुकाची मुलगी झुल्मा डाख देत बसली होती. ती विजेची इंजिनिअर. पदवी घेऊन दोन वर्षं झाली होती आणि दोन वर्षं ती आईच्या शेडमध्ये पत्र्याच्या बंगल्यांना जिने चिकटवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मामा, दोष झाकणाचा नाही. गॅस विकून डॉलर यायचे, डॉलर देऊन डिझेल यायचं. गॅसच्या विहिरी आटत चालल्यात. आई आणखी दहा वर्षं टँकर बनवू दे, तू त्याच रांगेत असशील."

"म्हणजे विजेच्या गाड्या? वा! माझी मिनीबस विकून विजेची घेतो. चढावर अडकली की तू खाली उतर आणि ढकल."

"विजेची गाडी चढावरच चांगली चालते."

"आणि वीज जाते तेव्हा?"

वीज बरीचशी त्याच आटत्या गॅसवर चालते हे झुल्माला मामापेक्षा जास्त माहीत होतं. तिने पुढचा जिना उचलला.

शेडच्या दुसऱ्या अर्ध्या भागात म्हातारा सिप्रियानो प्लास्टरच्या कोंबड्यांना लाल तुरे रंगवत होता. बाईला मानाने दोन्या म्हणतात तसं त्याला सगळे दोन सिप्रियानो म्हणायचे. तो एके काळी टिनच्या खाणीत होता. छातीत अजून खाण होती, खोकला आला की ऐकू यायची.

"मला मास्तर सांगायचे," तो म्हणाला, "पोरा, जगाला खायला लागणार, खायला डबे लागणार, डब्यांना टिन लागणार. टिनला मरण नाही. मग एका ऑक्टोबरात तिकडे लंडनमध्ये भाव कोसळला, आणि आम्ही बायका-पोरं, गाद्या, भांडी घेऊन ह्या पठारावर येऊन पडलो. लंडन कुठंय ते मला अजून माहीत नाही. आता सगळे लिथियम लिथियम करतात. मिठागरातलं पांढरं सोनं म्हणे. मी ऐकतो आणि कोंबडे रंगवतो."

"दोन सिप्रियानो, ह्या वेळी कदाचित त्याहून वाईट होईल," झुल्मा म्हणाली. "टिन निदान आपण काढलं आणि विकलं तरी. लिथियम काढायला शिकेपर्यंत जगाला ते नकोसं झालेलं असेल. साध्या मिठातल्या सोडियमच्या बॅटऱ्या आत्ताच बाजारात येतायत. अर्थात मी चुकत असेन. मी ज्या पुस्तकांवर शिकले ती दहा वर्षांपूर्वीची होती, आणि त्यांत सोडियमचं नावसुद्धा नव्हतं."

"बघा! इंजिनिअरलाच माहीत नाही," गुमेर खूश झाला.

"माहीत नाही म्हणून तर जातेय," झुल्मा म्हणाली आणि डाखाची सळई खाली ठेवली. "जिथे करून बघतात तिथे. चिलीत, कालामाजवळ. वाळवंटात सौरऊर्जेचं मोठं काम आहे, त्यांनी बोलावलंय. दोन वर्षांचं कंत्राट."

सातुकाने कात्रीतला पत्रा शेवटपर्यंत कापला. मग विचारलं, "कधी?"

"तेवीसला. रात्रीची बस."

तेवीसला. म्हणजे चोवीसच्या आदल्या दिवशी. सातुकाला काय ते कळलं. बाराच्या ठोक्याला कोणी स्वतःच्या हाताने दिलेली वस्तू विकत घेतलेल्या वस्तूपेक्षा लवकर फळते, आणि ती नाकारता येत नाही. घेतली की वर्षभर घरात ठेवावी लागते, तिच्याशी इमान राखावं लागतं. पोरगी इंजिनिअरिंगची पुस्तकं वाचून आली होती, पण आईच्या हाताला भीत होती. परीक्षेत विषय राहिले त्या वर्षी आईने बोटभर पदवीचा कागद हातात ठेवला होता आणि ती पास झाली होती. ते तिने अभ्यासाच्या खात्यावर मांडलं होतं, पण सगळं नाही.

*

त्याच आठवड्यात इवान ओस्त्रिया आला. एका उमेदवाराचा प्रचार तो सांभाळायचा. वय तिशीचं, बूट स्वच्छ, बोलणं मऊ. त्याला सगळे लिसेन्सियादो म्हणायचे, कारण त्याने विद्यापीठाची पदवी घेतली होती आणि ती गळ्यात नसूनही दिसायची.

"दोन्या सातुका, मला कारखाना हवाय."

"कसला?"

"बॅटऱ्यांचा. इथे, एल आल्तोत. साहेबांनी शब्द दिलाय. चोवीसला बाराच्या ठोक्याला आम्ही प्रत्येक घराला एक एक कारखाना देणार. हातात. फुकट."

दोन सिप्रियानोच्या हातातला कुंचला थांबला. "दिलेला? विकत नाही?"

"दिलेला."

"हुशार आहेस," म्हातारा म्हणाला. ते कौतुक होतं की शिवी हे ओस्त्रियाला कळलं नाही, म्हणून तो हसला.

झुल्माने हात पुसले. "लिसेन्सियादो, कारखान्याला वीज कुठून?"

"त्याचा आराखडा होतोय."

"पाणी? एल आल्तोत आठवड्यातून कितीदा नळ कोरडे पडतात तुम्हाला माहितीय? माल कुठून? मिठागरातून इथपर्यंत येणारा ट्रक कशावर चालणार, गुमेर मामाच्या रांगेतल्या डिझेलवर?"

"इंजिनिअर," ओस्त्रिया शांतपणे म्हणाला, "ह्या डोंगरात केबलगाड्या येणार म्हटलं तेव्हा लोक हेच विचारत होते. वीज कुठून, पैसे कुठून, कोण बसणार. आज तुम्ही कशाने खाली जाता? आधी माणसाला चित्र दिसावं लागतं. ज्या देशाला काही हवंसंच वाटत नाही त्याच्यात कोणी पैसा घालत नाही."

"आणि ज्याला हवंसं वाटतं त्याच्यात घालतात? मग आपण जगात सगळ्यात श्रीमंत असायला हवं होतं. दर जानेवारीत आख्खं शहर इच्छा करत उभं असतं."

ओस्त्रिया मोकळेपणाने हसला. तो वाईट माणूस नव्हता. अशा कामांना वाईट माणसं ठेवत नाहीत, चांगली ठेवतात. त्यांच्यावर लोकांचा विश्वास बसतो.

"बरं, हे तरी सांगा," झुल्मा म्हणाली. "माणसं किती लागणार?"

"खरं सांगू? आमच्या प्रचाराच्या फलकावर लिहिलंय त्यापेक्षा फार कमी. सगळं यंत्रच करतात हल्ली. पण जी लागतील ती तुमच्यासारखी लागतील. शिकलेली."

आणि इथे सातुका पहिल्यांदा बोलली. "माझ्या मुलीसारखी?"

"अगदी तशीच."

"मग हिला घ्याल?"

"आई!"

"तू गप्प बस. लिसेन्सियादो, कारखाना आला तर हिला घ्याल का?"

"पहिलं नाव हिचं," ओस्त्रिया म्हणाला. "माझा शब्द."

सातुकाने काम घेतलं.

त्या दिवसापासून तिची जीभ बदलली. आजवर जिने कधी कोणत्या पक्षाचा झेंडा घरावर लावला नव्हता ती बाई बाजारात बटाटे घेता घेता बॅटऱ्यांचा कैवार घ्यायला लागली. चीनला माल लागतो, युरोपला लागतो, मग आपणच का नाही करायचा? गुमेरने विचारलं, "ताई, लिथियम म्हणजे नक्की काय असतं गं?" तर ती म्हणाली, "तुला काय करायचंय, तू आपली बस चालव." तिला लिथियमशी काही घेणं नव्हतं. तिला मुलगी जवळ हवी होती, आणि मुलीला ठेवून घेण्याएवढं मोठं दुसरं काही देशात शिल्लक नव्हतं. पुढारी ह्याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवतात आणि आपण त्याला राजकारण म्हणतो.

*

साचा तयार झाला. लांबट इमारत, उतरतं छप्पर, छपरावर सौरपट्ट्यांच्या रेघा, बाजूला विजेचा खांब. खांबाला तार लावायला झुल्माने सांगितलं. "निदान तेवढं तरी जोडलेलं असू दे," ती म्हणाली. रुसलेली असली तरी तिच्याच्याने अर्धवट काम बघवायचं नाही.

प्रश्न दाराचा आला. सातुकाच्या घरांची दारं उघडायची. त्यासाठीच लोक लांबून तिच्याकडे यायचे. सुईएवढी बिजागरी, तिच्यात तार, दार आत-बाहेर हलायचं. पण एवढ्या कारखान्यांना एवढ्या बिजागऱ्या कोण करणार? ओस्त्रियाची पोरं रोज खोकी मोजायला येत होती. शेवटी सातुकाने कुंचला घेतला, पत्र्यावर निळी चौकट काढली, पिवळ्या ठिपक्याची कडी काढली आणि दार झालं.

गुमेरने एक उचलून नखाने खरवडून पाहिलं. "उघडत नाही हे."

"मोठा कारखाना येईल तेव्हा उघडणारं दार सरकार लावेल."

"आपल्यात असं चालतं का, ताई?"

"तुला काय जातंय बोलायला? तू बसून कर बिजागऱ्या."

गुमेर बसला नाही, कारण त्याच्या ड्रायव्हर संघटनेची सभा होती.

मात्र एक कारखाना सातुकाने वेगळा केला. साच्यात न घालता, हाताने कापून. त्याचं दार उघडायचं. आत एक टेबल होतं, आणि टेबलाशी तांदळाएवढी बाई उभी होती. डोक्यावर पिवळं शिरस्त्राण, पाठीवर दोन काळ्या वेण्या. त्या वेण्यांसाठी सातुकाने झुल्माच्या कंगव्यातले केस घेतले.

फडक्याखाली ठेवलेलं ते झुल्माला एका दुपारी सापडलं. तिने दार उघडून आत पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली. सातुका चहा घेऊन आली तेव्हा ती म्हणाली, "आई, हे मला देऊ नकोस."

"कोण देतंय?"

"आई."

"बरं, देणार होते. मग? विष आहे का ते?"

"मी असलं काही मानत नाही, तुला माहितीय. पण तुझ्या हातचं मला टाकता यायचं नाही."

"मग नको टाकूस."

"आणि करू काय? वाट बघू? लिसेन्सियादोचे साहेब निवडून येईपर्यंत, मग आराखडा होईपर्यंत, मग पैसे येईपर्यंत? तोवर मी जे शिकले ते शिळं होईल. तिथे आज काम आहे. आज, आई. सूर्य आहे, त्याला तारा जोडल्यात."

"सूर्य इथेही आहे. तिथल्यापेक्षा जवळ."

"इथल्याला कोणी तारा नाही जोडल्या."

"सगळ्या पोरी असंच म्हणून गेल्या तर जोडणार कोण? तुझं सगळं बरोबर असेल गं, पण तुझ्या हिशोबात राहणारा माणूसच नाही. सगळे जाणारे. मग इथलं भविष्य काय, मी आणि दोन सिप्रियानोचे कोंबडे?"

सातुकाला आपलं बरोबर निघाल्याचा आनंद झाला नाही. दोघी चहा प्यायल्या. झुल्माने कारखान्यावर फडकं परत टाकलं, जसं होतं तसं.

*

एकवीसला गुमेरच्या संघटनेने डिझेलसाठी रस्ते अडवले. चिलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दगड, टायर, मध्ये शेकोटी. झुल्माची तेवीसची बस रद्द झाली.

गुमेर नाक्यावरून येऊन शेडच्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला. "पोरी, मला खरंच सुचलं नाही. सभेत सगळ्यांनी हात वर केले, मीही केला."

"राहू दे मामा. कालामाचे लोक म्हणाले, आठवडाभर थांबतो. तोवर तुझ्या टायरवर बसून राहते."

सातुकाला वाटलं, एकेको देवाने मिशीतल्या मिशीत हसून रस्ता अडवलाय, फक्त तिच्यासाठी. एवढा स्वार्थी विचार तिने आयुष्यात पहिल्यांदा केला आणि तिला त्यात काही गैर वाटलं नाही.

चोवीसला जत्रेत पाय ठेवायला जागा नव्हती. झुल्मा आईला एकटं सोडू शकली नाही. खोकी उचलायला, सुटे द्यायला ती दुकानात उभी राहिली, पण आधीच सांगून. "बाराच्या आधी मी इथून बाजूला होणार, आई. मग एक वाजता येईन."

"बरं," सातुका म्हणाली. फडक्याखालचा कारखाना तिच्या मांडीवर होता.

पावणेबाराला ओस्त्रियाच्या पोरांनी ट्रकवरून कारखाने वाटायला सुरुवात केली. गाणी, फुगे, कागदाच्या फुलांचा पाऊस. लोकांनी हात वर करून घेतले, आणि मग त्या शहरातले लोक जे करतात ते केलं. वस्तू उलटीसुलटी करून पाहिली.

सातुकाच्या दुकानापुढे पहिली एक भाजीवाली आली. गोल टोपी, घागऱ्यासारखा घेरदार पोयेरा, मागे कोट घातलेला तिचा वाढलेला मुलगा.

"दोन्या, खाली तुमची खूण आहे. हा तुमच्या हातचा ना?"

"माझ्याच."

"दार उघडत नाही ह्याचं."

"रंगवलेलंय ते, कासेरा," सातुका म्हणाली. जुन्या गिऱ्हाइकाशी बोलतात तसं, गोड.

"ते दिसतंय मला. माझा पोरगा आत कसा जाणार?"

"आई, चल ना," मुलगा कोटाच्या कॉलरीत मान घालून म्हणाला.

"तू थांब. तीन वर्षं तंत्रशाळेत घातलंय मी ह्याला. आत जाणार कसा तेवढं सांगा."

तोवर मागून आणखी लोक आले होते. कोणी विचारलं, मागच्या बाजूला दार आहे का? कोणी म्हणालं, मालक कुठून जातो मग? "छपरातून, हेलिकॉप्टरने!" हशा पिकला. एक म्हातारी मात्र हसत नव्हती. ती नखाने पिवळ्या कडीवर टकटक करत होती, खरोखर कोणी आतून उघडेल अशी.

ओस्त्रिया गर्दीतून वाट काढत आला. "मित्रांनो, मित्रांनो! ही फक्त प्रतिकृती आहे."

त्या जत्रेत उभं राहून ह्याहून भयंकर वाक्य बोलता आलं नसतं.

"फक्त?" भाजीवाली म्हणाली. "मग तुमचं बाकीचं पण फक्तच आहे का?"

ओस्त्रियाने सातुकाकडे पाहिलं. ती म्हणू शकली असती, वेळ नव्हता, काम फार होतं, ह्यांनीच घाई केली. सगळं खरं होतं. तिने तोंड उघडलंही. पण मांडीवर फडक्याखाली तिच्या बोटाला ती सुईएवढी बिजागरी लागली, आणि तिला आपण काय करून बसलोय ते दिसलं. ह्या सगळ्यांच्या पोरांसाठी तिने रंगवलेलं दार दिलं होतं. उघडणारं एकच केलं होतं, स्वतःच्या पोरीसाठी. तिला कोणी सांगितलं नव्हतं असं कर म्हणून. मंत्र्याला, त्याच्या भाच्याला, भाच्याच्या मेव्हण्याला ती जन्मभर ज्यासाठी शिव्या घालत आली, तेच तिने बिजागरीला तार घालताना केलं होतं. प्रेमाने केलं होतं. तेही प्रेमानेच करत असतील.

तिने फडकं काढलं. "हे घ्या," ती भाजीवालीला म्हणाली. "ह्याचं उघडतं."

भाजीवालीने दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. एक डोळा लावून आत पाहिलं. "ही कोण?"

"काम करणारी."

"एकटीच?"

"तुमचा पोरगा जाईल ना."

तेवढ्यात सान फ्रान्सिस्को चर्चच्या घंटा सुरू झाल्या, आणि सगळी गर्दी एकदम यातिरींच्या निखाऱ्यांकडे लोटली. धूर, फुलांच्या पाकळ्या, दारूचे शिंतोडे. भाजीवाली मुलाला दंडाला धरून ओढत गेली. ओस्त्रिया तिथेच उभा होता.

"दोन्या सातुका, मी शब्द दिला होता तुमच्या मुलीसाठी."

"तो परत घ्या. कारखाना आलाच तर चिठ्ठ्या टाका आणि नावं काढा. आणि येत्या वर्षी माझ्याकडे या, दारं उघडणारी करून देईन एकेक, पण वर्षभर आधी सांगा. तुम्ही सगळे निवडणुकीला दोन महिने राहिले की मग भविष्य आठवता."

तो मान हलवून गर्दीत गेला. जाताना त्याने खाली पडलेला, रंगवलेल्या दाराचा एक कारखाना उचलला, धूळ झटकली आणि खिशात ठेवला. त्याने तसं का केलं असेल, हे सातुकाला पुढेही कधी उमजलं नाही.

घंटा थांबल्या. सातुकाने मागे वळून पाहिलं. झुल्मा गेली नव्हती. खांबाला टेकून उभी होती, हात पाठीमागे बांधून, म्हणजे कोणी काही ठेवूच नये त्यात.

"बारा वाजून गेले," सातुका म्हणाली. "सोड आता हात."

झुल्माने हात पुढे आणून तळवे पाहिले. मग तिला हसू फुटलं आणि डोळेही भरले, एकाच वेळी. "आई, तू मला त्या भाजीवालीच्या घरी देऊन टाकलंस."

"पोरगा दिसायला बरा होता."

"कॉलरीत मान घालून होता!"

"कामाचा असेल."

दुपारी गर्दी ओसरल्यावर दोघी बाजूच्या बाईकडून मका, शेंगा आणि तळलेलं चीज घेऊन खोक्यांवर बसल्या. खाता खाता सातुकाने विचारलं, आईने मुलीला विचारावं तसं नाही, अडलेल्या माणसाने जाणत्याला विचारावं तसं.

"खरं सांग. येईल का कधी इथे तो कारखाना?"

झुल्मा पाणी, वीज, भाव, निवडणूक सगळं मनात मांडून पाहत होती, हे सातुकाला तिच्या कपाळावरून कळत होतं.

"येऊ शकतो," ती म्हणाली. "न येण्याचीच शक्यता जास्त. पण येऊ शकतो. दोन वर्षांनी मला जास्त सांगता येईल."

"म्हणजे तू परत येशील असं नाही म्हणालीस."

"नाही म्हणाले."

"बरं झालं. खोटं नाही बोललीस."

सातुकाने बोटं पोयेऱ्याला पुसली, फोन काढला आणि भावाला लावला. पलीकडे टायर जळत असल्यासारखा गोंगाट होता.

"गुमेर? हो, झाली जत्रा. ते सोड. तुमचा तो चिलीचा रस्ता कधी उघडताय? ... मागण्या माहितीयत मला तुमच्या, माझ्यासमोर वाचू नकोस. ... अरे, डिझेल येईल तेव्हा येईल. आज संध्याकाळपर्यंत एक बस जाईल एवढे तरी दगड बाजूला घ्या. कोणी विचारलं तर सांग, माझ्या भाचीला कामावर जायचंय. ... नाही ऐकत? मग मी येते तिथे. मी उचलते."